देखावा : भंडारा जिल्ह्यातील भिंतींवरचा समुद्र

सागरकिनाऱ्यावरील ऐषआरामाची जुनी छायाचित्रे चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावण्याची हौस अलीकडे पुष्कळ वाढली आहे. स्लिम ॲरन्स (१९१६–२००६) या अमेरिकन छायाचित्रकाराने टिपलेल्या धनिकांच्या विश्रामस्थळांच्या प्रती आज दूरदूरच्या घरांत लागतात. ही हौस परकी आहे, एवढे म्हणून विषय संपविता येईल. परंतु ते पुरेसे नाही. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातही चित्रातला समुद्र घरात येण्याची वाट जुनीच आहे.

या वाटेची खूण ‘देखावा’ या शब्दात सापडते. निसर्गाचे दृश्य, नाटकाच्या पडद्यावरील चित्र, गणपतीपुढील सजावट आणि निव्वळ ढोंग या चारही गोष्टींना मराठीत हा एकच शब्द चालतो. छायाचित्रकलेने हे सर्व अर्थ एकत्र आणले. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्याशी संबंधित विल्यम जॉन्सन याने १८६३ व १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्वतंत्रपणे टिपलेल्या व्यक्ती मुंबईच्या दृश्यांवर जोडल्या. पुढे स्टुडिओतील रंगीत पडद्याने हेच काम स्वस्तात केले. पडद्यापुढे बसलेल्या कुटुंबाने समुद्र पाहिलेला असावाच, अशी अट नव्हती.

दुसरी वाट रेल्वेची. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग भंडारा रोड स्थानकावरून जातो. या कंपनीने पुरीची जाहिरात भित्तिपत्रांतून केली व तेथे हॉटेलही चालविले. इकडचा यात्रेकरू पुरीला जाई तो जगन्नाथाच्या दर्शनाला. कंपनीने त्याच गावाचा किनारा विश्रांतीचे स्थळ म्हणून रंगविला. आपल्या मध्यमवर्गाने अशा विश्रांतीला ‘हवापालट’ हे नाव दिले. शब्द वैद्यकाकडचा आहे. नुसते बसण्यासाठी कोठे जाणे त्यास बहुधा संकोचाचे वाटले असावे.

खरे नवल निराळेच आहे. भंडारा हा तलावांचाच जिल्हा. कोहळी समाजाने गोंड राजवटीत बांधलेल्या तलावांवर येथील धानशेती पोसली, ढिवरांची मासेमारी चालली. पार, तुडूम, पाट, बोडी ही येथील पाण्याची शब्दसंपत्ती आहे. ती सर्व श्रमाची आहे. किनाऱ्यावर रमण्यासाठी तीत शब्द नाही, आणि म्हणूनच की काय, हे पाणी चौकटीत क्वचितच गेले. ज्याच्यासाठी दरवर्षी चिखल उपसावा लागतो ते पाणी कोणास देखावा वाटावे? १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. ‘माजी मालगुजारी’ या सरकारी नावाची आद्याक्षरे लोकांनी जोडली, व हे तलाव ‘मामा तलाव’ झाले. असे नाते भिंतीवरच्या समुद्राशी या जिल्ह्यात कोणी जोडलेले नाही.