पंतोजींची छडी आणि गोणपाटाचा तुकडा

मंडळी, गावच्या पारावर चार म्हातारी माणसे बसली आणि शाळेचा विषय निघाला, की एक गंमत होते. कोणाला हिंदुस्थानातल्या नद्या आठवत नाहीत, कोणाची पाऊणकी केव्हाच विसरलेली असते. पण कोणत्या मास्तरांनी कोणत्या कारणावरून कसे बडवले, ते मात्र अगदी बयाजवार सांगता येते. "आमच्या मास्तरांचा हात तुम्ही पाहिलाच नाही!" असे म्हणत जो तो आपल्या मास्तरांची जणू शिफारसच करू लागतो. ज्याचा मास्तर जास्त कडक, त्याची शाळा जास्त मोठी! या झाल्या हसत सांगायच्या आठवणी. काही आठवणी अशाही असतात, की त्या सांगताना हसू येत नाही. बहुधा त्या पारावर सांगितल्याच जात नाहीत. आज मी दोन्ही प्रकारच्या आठवणींविषयी बोलणार आहे, आणि वाईट मास्तर वाईट कशामुळे होत असत, हेही थोडेसे उकरून पाहणार आहे. शिक्षक बंधुभगिनींनी राग मानू नये. घरातल्या भांडणाचा इतिहास घरच्यांनीच वाचलेला बरा.

पहिल्यांदा जुन्या पंतोजींकडे चला. पेशवाई गेली त्या सुमारास आपल्याकडे शाळेची म्हणून इमारत नसे. देवळाची ओसरी, एखाद्या सावकाराची पडवी, नाहीतर पंतोजींचे स्वतःचे घर, हीच शाळा. छापील पुस्तक नाही. धूळपाटीवर अक्षर गिरवायचे, मग बोरूने मोडीचे खर्डे लिहायचे, आणि संध्याकाळी सगळ्यांनी एका सुरात पाढे, पावकी, निमकी, सवायकी म्हणायची. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असताना १८२० नंतरच्या काळात अशा शाळांची पाहणी सुरू झाली. तिचे आकडे पुढे प्रसिद्ध झाले, ते असे: शाळा सुमारे १,७००, मुले सुमारे ३५,०००, आणि इलाख्याची वस्ती ४६ लाखांच्या वर. म्हणजे एका पंतोजीमागे वीसएक मुले आणि सव्वाशे-दीडशे माणसांमागे शाळेत जाणारे एक पोर. त्यांत मुली जवळजवळ नाहीत, आणि गावकुसाबाहेरचे तर कोणीच नाही. ही दुसरी गोष्ट लक्षात असू द्या, तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

पंतोजींची मिळकत महिन्याला तीन-पाच रुपयांची, तीही पुष्कळदा धान्यात. सुगी झाली की शेर-पायली, सणावाराला शिधा, पोराने नवा धडा धरला की आईबापांच्या मनाला येईल ते. वीस पोरे, वीसही जणांचे धडे वेगळे, पुस्तक नाही, आणि पंतोजींना शिकवायचे कसे हे कधी कोणी शिकवलेले नाही. मग हातात उरते काय? छडी. ओणवे करणे, अंगठे धरायला लावणे, कोंबडा करणे, गुडघ्याखाली खडे ठेवणे, हात बांधून तुळईला लोंबकळत ठेवणे, असा सगळा सरंजाम होता. शाळा बुडवणाऱ्या पोराला आणायला थोराड पोरांची टोळी निघे. हातपाय धरून त्याला उचलायचे आणि वाजतगाजत ओसरीवर आणून टाकायचे, हीच उचलबांगडी. आज आपण हा शब्द एखाद्या साहेबाच्या बदलीला वापरतो. आईबापांचीही याला आडकाठी नसे. "पोराचं कातडं तुमचं, हाडं तेवढी आमची" असे सांगूनच बाप पोराला ओसरीवर सोडून जाई. तेव्हा या काळापुरते माझे मत असे, की पंतोजी क्रूर होता हे खरे, पण सबंध गाव त्याच्या क्रौर्याचा जामीन होता.

मग सरकारी शाळा आल्या. १८२२ साली मुंबईत शाळा काढण्यासाठी आणि पुस्तके छापण्यासाठी सोसायटी निघाली. तिने तयार केलेले २४ शिक्षक १८२६ साली जिल्ह्याजिल्ह्यांत रवाना झाले. १८४५ मध्ये शिक्षक तयार करण्याचा वर्ग मुंबईत निघाला आणि तो आपल्या बाळशास्त्री जांभेकरांच्या हाती दिला गेला. पण दुर्दैव असे, की पुढच्याच वर्षी बाळशास्त्री वारले. १८५५ साली सरकारचे शिक्षणखाते उभे राहिले. पंतोजीचा मास्तर झाला. धूळपाटी जाऊन दगडी पाटी आली, मोडीबरोबर बाळबोध आली, इयत्ता आल्या, हजेरीपट आला. छडी मात्र बदली न होता जागच्या जागी राहिली. आणि तिच्या जोडीला एक नवीनच भीती आली. ती मुलांना नव्हे, मास्तरांना. तिचे नाव इन्स्पेक्टर.

जुन्या पंतोजीला गावाने ठेवले तर तो राही. नव्या मास्तराची भाकरी साहेबांच्या शेऱ्यावर. त्यातच १८६० नंतर निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. परीक्षेला किती पोरे बसली, किती उतरली, त्या हिशेबाने खासगी शाळांना पैसे मिळायचे. दिसायला व्यवहार चोख. पण त्यामुळे मास्तराच्या डोळ्यांना पोर दिसेनासे झाले आणि त्याच्या जागी आणे-पैसे दिसू लागले. जे पोर नक्की उतरणार त्याला घोटून घ्यायचे, जे अडखळते त्याला बडवायचे किंवा परीक्षेच्या दिवशी घरी बसवायचे. कविता समजली की नाही हे साहेब विचारीत नसत; म्हणून दाखवली की झाले. १८८२ च्या हंटर कमिशनपुढेही ही पद्धत चर्चेला आली होती, तरी ती टिकली. १९०४ साली लॉर्ड कर्झनच्या सरकारने शिक्षणाविषयीचा ठराव केला, तेव्हा कुठे तिला निरोप मिळाला.

अनुदान निकालावर असो वा नसो, तपासणीची धास्ती सगळीकडे सारखीच होती. महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत राजकोटच्या शाळेतली एक आठवण दिली आहे. हायस्कुलातले त्यांचे पहिलेच वर्ष. जाइल्स नावाचे इन्स्पेक्टर तपासणीला आले आणि त्यांनी मुलांना पाच इंग्रजी शब्द लिहायला घातले. त्यांतला एक शब्द होता 'केटल'. मोहनने तो चुकीचा लिहिला. मास्तरांनी बुटाच्या टोकाने त्याला खुणावले, की शेजारच्याच्या पाटीवर बघ. मुलाच्या ते डोक्यातच शिरेना, कारण मास्तर तिथे उभे आहेत ते कोणी नक्कल करू नये म्हणून, अशी त्याची समजूत! सगळ्या वर्गाचे पाचही शब्द बरोबर आले, एकटा मोहन तेवढा 'मठ्ठ' ठरला. मागून मास्तरांनी त्याला त्याचा मठ्ठपणा समजावूनही सांगितला. आपण ही गोष्ट गांधीजींच्या सचोटीसाठी सांगतो, ते योग्यच आहे. पण एकदा त्या मास्तरांच्या बाजूने ती वाचून पाहा. एका शब्दाने आपल्या नावावर वाईट शेरा पडेल, या भीतीने एक वडीलधारा माणूस लहान मुलाला चोरी शिकवतो आहे. त्यांचे नाव गांधीजींनी दिलेले नाही. त्यांच्याविषयीचा आपला आदर कमी झाला नाही, असेच ते लिहितात. एवढे मोठे मन सगळ्यांजवळ कुठून असणार?

कोकणातल्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांची हकीगत तर शिक्षकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. १८७५ साल. मराठी सहावीची परीक्षा द्यायची होती. पावसाळी हवेने बोट मिळेना, म्हणून हा मुलगा बरोबरीच्या सोबत्यांसह पायी साताऱ्याला निघाला. कुंभार्लीचा घाट, पावसाची झोड, शंभराहून अधिक मैलांची वाट. परीक्षेला वय सतरा पुरे लागे, आणि ते त्याचे झालेलेही होते. पण बांधा लहानखुरा. परीक्षा घेणाऱ्या समितीच्या प्रमुखांनी त्याच्याकडे पाहिले आणि सांगितले, की हा काही सतरा वर्षांचा दिसत नाही. झाले! ज्याच्यासाठी एवढी पायपीट केली ते त्या एका नजरेत बुडाले. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन त्याने ती परीक्षा दिली. इथे कोणी छडी उगारली नाही, कोणी शिवी दिली नाही. पोर किती लांबून आले, एवढे विचारण्याचीही तसदी कोणी घेतली नाही, इतकेच. कर्वे शंभरी ओलांडून जगले, भारतरत्न झाले, म्हणून ही गोष्ट आपल्यापर्यंत आली. अशीच पायपीट करून माघारी फिरलेली आणि मग नांगर धरलेली पोरे किती असतील, ती मोजायची कशी?

या सगळ्याकडे खेड्यातल्या रयतेच्या बाजूने पाहणारा माणूस म्हणजे जोतीराव फुले. १८६९ सालीच त्यांनी विद्याखात्यातल्या ब्राह्मण पंतोजींवर पोवाडा रचला होता. पुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर कमिशनपुढे त्यांनी लेखी निवेदन दिले. त्यात त्यांनी नुसता राग काढला नाही, तर रोग आणि औषध दोन्ही मांडली. गावच्या शाळांतले बहुतेक मास्तर एकाच जातीचे असतात, ते कुणब्याच्या पोरांत मिसळत नाहीत. तेव्हा शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करा, वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला किंवा सुताराचा वाकस चालवायला ज्याला लाज वाटणार नाही असे. पगार १२ रुपयांहून कमी नको, मोठ्या गावी १५ ते २० द्या. आणि तपासनीस वर्षाकाठी एकदा येऊन काही साधत नाही. तो वरचेवर आणि न कळवता यावा. पगारही वाढवा आणि नजरही ठेवा, असे एकाच कागदावर सांगणारा दुसरा माणूस त्या काळात मला तरी दिसत नाही. एरवी मास्तरांचे कैवारी पगाराचे बोलतात आणि पोरांचे कैवारी छडीचे.

पण पगाराने सगळ्याचा उलगडा होत नाही. आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे वळतो.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. अर्ज मुंबई सरकारपर्यंत गेला, तरी त्याच्यासाठी दार उघडले नाही. एका मुलाला घेतले तर बाकीची शाळा ओस पडेल, हे कारण. पुढे सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचे धोरण कागदावर आले. कागदावरून वर्गात यायला त्याला किती वर्षे लागली, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आठवणींत वाचायला मिळते. साताऱ्याच्या हायस्कुलात त्यांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झाले. शाळेत गुणवत्तेप्रमाणे बसायची जागा ठरे, पण यांनी एका कोपऱ्यात वेगळे बसायचे. बसायला गोणपाटाचा तुकडा, तोही घरून आणलेला. शाळा झाडणारा गडी त्याला शिवणार नाही, म्हणून रोज संध्याकाळी तो तुकडा घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. मास्तरांची परवानगी असली तरी ती पुरेशी नाही; शिपायाने तोटी सोडली तर पाणी. शिपाई नसला तर पाणी नाही. पुढे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकायची इच्छा होती, तिथेही अस्पृश्याला संस्कृत शिकवणार नाही म्हणून मास्तर अडून बसले आणि फारसी घ्यावी लागली. संस्कृत ते नंतर स्वतःच्या कष्टाने शिकले.

आता तुम्हीच पाहा. यात छडी कुठे आहे? साहेबाच्या शेऱ्याची भीती कुठे आहे? पंतोजीची छडी सावकाराच्या पोरावरही पडे, कुणब्याच्याही पडे. तिचे वळ चार दिवसांत जात आणि पुढे पारावर त्याची गोष्ट होई. गोणपाटाची गोष्ट पारावर होत नाही, कारण ज्याच्या बुडाखाली गोणपाट होते त्याला पारावरही जागा नव्हती. पगार दुप्पट केला असता तरी ते गोणपाट हलले नसते. तेव्हा "बिचारे मास्तर, पगार तो केवढा" असे म्हणून सरसकट सगळ्यांना माफी देणाऱ्यांशी माझे जमत नाही.

त्याच साताऱ्यात आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण शिक्षकही होते. मधल्या सुट्टीत ते या मुलाला आपल्या भाकरी-भाजीतला वाटा देत. बाबासाहेबांनी १९४७ साली 'नवयुग'च्या खास अंकात ही आठवण सांगितली, तेव्हा तिचा गोडवा चाळीस-पन्नास वर्षांनी तसाच होता. गाव तेच, पगार तसाच तुटपुंजा, तपासणीचा जाचही तोच. तरी एकाच्या हातून भाकरी मिळाली आणि दुसऱ्यांच्या हातून पाणी मिळाले नाही.

पुढचा इतिहास आपल्याला बराच माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एका शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ साली साताऱ्याला प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. फुल्यांनी मागितलेला शेतकऱ्याघरचा मास्तर तिथे तयार होऊ लागला. ताराबाई मोडकांनी गिजुभाईंच्या साथीने १९२६ पासून बालशिक्षणाचे काम चालवले आणि ते बोर्डीला, मग कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेले. मुलाला न मारता शिकवता येते, ही गोष्ट तिथे अंगणात दाखवली गेली. कायद्याला मात्र पुष्कळ उशीर लागला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हींना मनाई केली. तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातला 'मानसिक छळ' हा शब्द मला जास्त मोलाचा वाटतो. गोणपाट त्यातच येते.

आता एक काम सांगतो. तुमच्या गावच्या शाळेत जुने जनरल रजिस्टर असेल. कुठे मोडीत, कुठे बाळबोधीत, पाने पिवळी पडलेली. मुख्याध्यापकांच्या परवानगीने ते काढा. दाखल तारीख, जात, इयत्ता, आणि शेवटी एक रकाना असतो: शाळा सोडल्याचे कारण. तिथे पानामागून पान एकच शेरा दिसेल, 'सतत गैरहजर'. ही झाली मास्तरांची बाजू. त्यातली जी माणसे अजून हयात असतील त्यांच्याकडे वरच्या वर्गातली चार मुले घेऊन जा. छडीच्या गोष्टी ते आपण होऊन सांगतील, त्या ऐकून घ्या. मग विचारा, "आजोबा, वर्गात तुम्ही कुठं बसत होता? पाणी कुठं पीत होता?" आणि जे सांगतील ते मुलांकडून वहीत उतरवून घ्या. रजिस्टरातल्या त्या रकान्यात एवढे मावलेले नाही.