आक्काचे शेवटचे नऊ तास

२९ सप्टेंबर १९९३, सायंकाळी ७
अनंत चतुर्दशी. किल्लारीच्या पट्ट्यातलं, तेरणाकाठचं आमचं गाव. आक्का महालक्ष्म्यांपासून माहेरी होती. पितृपंधरवडा लागतोय म्हणून सकाळच्या एसटीनं तिला सासरी धाडायचं ठरलेलं. आईनं पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी भरून ठेवली होती. आक्का मात्र घरात नव्हतीच. हलगीचा ठेका चुकतो म्हणून चावडीपाशी मंडळाच्या पोरांना झापत होती.

रात्री ९
मिरवणूक निघाली. बाकी बायका ओट्यावरून बघत होत्या, आक्का ट्रॅक्टरपुढं. पदर खोचलेला, हातात लेझीम, गुलालात भुवयासुद्धा बुडालेल्या. चुलते अण्णांच्या कानाशी लागले, "सासरी नांदणारी बाई, शोभतं का हे?" अण्णा म्हणाले, "सात वर्षांची असताना विहिरीत सूर मारला, तेव्हा ऐकलं नाही. आता काय ऐकती?"

रात्री ११.३०
विसर्जन करून घरी परतताना आक्कानं पुन्हा विषय काढला. आदल्या साली ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारीकडं जमीन हादरली होती. तेव्हा आम्हीही काही दिवस अंगणात झोपलो, मग थंडी वाढली तसे एकेक करून आत गेलो. "अण्णा, रानात पत्र्याचं शेड घाला. पत्रा पडला तर टेंगूळ येईल. हे धोंडे जीव घेतील."

अण्णा हसले. पत्र्यात सालगड्यानं राहायचं. आमचं घर धोंडे आणि चिखलाचं, भिंती अडीच-तीन फूट रुंद. भिंत जितकी रुंद, तितकं घराणं भारदस्त. वर माळवद. दरसाल पावसाळ्याआधी त्यावर पांढऱ्या मातीचा थर द्यायचा, जुना थर मात्र कुणी काढायचं नाही. किती पिढ्यांची माती डोक्यावर होती, कुणास ठाऊक.

रात्री १२.३०
आम्ही दोघं माळवदावर आडवे. पुनवेच्या तोंडावरचं चांदणं होतं. आक्का घरात कधी झोपलीच नाही, आत जीव गुदमरतो म्हणायची. सासरीही अंगणात बाज टाकायची. लुना शिकायची म्हणून दाजींना कसं पटवलं, ते नकला करून सांगत होती. मी हसून हसून बेजार.

रात्री २.१५
खालून आजीची धाप ऐकू आली. मी उठायला लागलो तर आक्कानं दटावलं, "नीज तू, तुला नाही जमायचं." छातीला तेल चोळताना ती आजीला मिरवणुकीतल्या गमती सांगत होती, आजी धापेतही हसत होती. मग आवाज थांबले. आजीजवळच तिचा डोळा लागला असावा.

पहाटे ३.५६
आधी खालून गडगडाट आला. मग माळवद माझ्यासकट खाली बसलं. धुरळ्यात चांदणं विझून गेलं. मी ढिगाऱ्यावर होतो, हात मोडला होता. आजी आणि आक्का ढिगाऱ्याखाली. आई-अण्णा पुढच्या सोप्यातून निसटले.

त्यानंतर
६.२ तीव्रतेचा भूकंप, तोही जमिनीखाली फार खोल नव्हे. लातूर-धाराशिवकडची ५२ गावं भुईसपाट झाली, सुमारे १० हजार माणसं गेली. देशाच्या भूकंप-नकाशात तोवर आमचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पाहणीला आलेल्या इंजिनिअरांनी कारण दाखवलं. दगड एकमेकांत गुंफलेले नव्हते, मधे नुसता चिखल. हादऱ्यानं भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू सुटी झाली, आणि वरून मातीचं ओझं. काही घरांत लाकडी खांब-तुळया तशाच उभ्या होत्या, भिंती तेवढ्या गेल्या. वेशीबाहेरच्या झोपड्यांतली कितीतरी माणसं जिवंत बाहेर आली. आमचा सालगडी त्यांतलाच. पहिला धोंडा त्यानंच उचलला.

आक्काच्या आठवणी निघाल्या की नातेवाईक म्हणतात, "लई अवखळ होती बिचारी." मला ते पटत नाही. आमच्या घरात धोका कुठं आहे, हे त्या अवखळ पोरीलाच दिसलं होतं. शहाणी माणसं भिंतींची रुंदी मोजत बसली.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णांनी रानात पत्र्याचं शेड घातलं. नव्या गावठाणात सरकारी घर मिळालं, तरी ते शेवटपर्यंत शेडातच झोपले. पाहुणे विचारायचे, घर असताना इथं कशाला? अण्णा सांगायचे, "थोरलीनं सांगितलं होतं. ऐकायला उशीर झाला."