उपचारसंबंध

मानसोपचारात समुपदेशक आणि सल्लार्थी यांच्यात तयार होणारे विश्वासाचे व सहकार्याचे नाते. रुग्णाला उपचारकाविषयी वाटणाऱ्या आपुलकीचा उपचाराला आधार मिळतो, हे सिग्मंड फ्रॉइड यांनी 1912 मध्येच नोंदवले होते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी 1979 मध्ये या नात्याचे तीन घटक सांगितले : उद्दिष्टांवर एकमत, ती गाठण्याच्या कामांवर एकमत आणि परस्परांतील जिव्हाळा. परीक्षेच्या धास्तीने आलेल्या मुलीला रात्रीची झोप हवी असेल आणि समुपदेशक तिच्या बालपणातच रमला असेल, तर जिव्हाळा असूनही गाडी अडते.

कार्ल रॉजर्स यांनी 1957 मध्ये समानुभूती, विनाअट स्वीकार व प्रामाणिकपणा या उपचारकाच्या गुणांना बदलाच्या आवश्यक अटींत स्थान दिले. अल्बर्ट एलिस यांना मात्र अशी कोणतीही अट अनिवार्य वाटत नव्हती.

हे नाते मोजताही येते. होर्वाथ व ग्रीनबर्ग यांची 36 विधानांची प्रश्नावली 1989 मध्ये प्रसिद्ध झाली. 2018 मध्ये 295 अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात नाते व उपचाराचे फलित यांचा सहसंबंध सुमारे 0.28, म्हणजे मध्यम पण सातत्यपूर्ण आढळला.

नात्यात ताण येतोच. सल्लार्थी गप्प होतो, वेळ चुकवतो किंवा चिडतो. अशा वेळी समुपदेशकाने बचाव न करता विषय उघडपणे काढावा, आपला वाटा मान्य करावा आणि गरज पडल्यास पद्धत बदलावी.

गोपनीयता हा विश्वासाचा पाया. भारतात मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 23 नुसार ती रुग्णाचा हक्क आहे. इतरांच्या जिवाला धोका असल्यास तिला अपवाद करता येतो.