आसिफ शेख रशीद : मालेगावचं एक राजकीय घराणं आणि १६२ मतं

नोव्हेंबर २०२४. मालेगाव मध्य विधानसभा मतदारसंघाची मतमोजणी संपली तेव्हा एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल यांना १,०९,६५३ मतं होती आणि माजी आमदार आसिफ शेख रशीद यांना १,०९,४९१. फरक १६२ मतांचा. त्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या २८८ जागांमध्ये एवढ्या कमी फरकाने दुसरा कुठलाही निकाल लागला नाही. साकोलीत नाना पटोले यांचा २०८ मतांचा निसटता विजय टीव्हीवर दिवसभर गाजला. मालेगावचा आकडा त्याहून लहान होता, पण त्याची चर्चा मालेगावातच जास्त झाली.

आसिफ शेख हे नाव राज्याच्या राजकारणात कधी फार मोठं झालं नाही. एकच टर्म आमदारकी, मंत्रिपद नाही. तरीही त्यांच्या कारकिर्दीची नोंद घ्यायला हवी असं आम्हाला वाटतं. राज्यात मुस्लिम आमदार मुळातच मोजके. २०२४ च्या विधानसभेत ते दहा आहेत. जिथून मुस्लिम आमदार निवडून येणार हे जवळपास ठरलेलंच असतं, अशा मतदारसंघात मालेगाव मध्य आघाडीवर. तिथली लढत पक्षांपेक्षा घराण्यांची आणि माणसांची जास्त असते. ती समजायची तर थोडं मागं जावं लागेल.

मालेगावात दीर्घकाळ एकच नाव चालायचं, साथी निहाल अहमद. समाजवादी परंपरेतले, जनता पक्ष आणि पुढे जनता दलाचे नेते. १९७८ पासून १९९९ पर्यंत ते सलग आमदार होते. शरद पवारांच्या १९७८ च्या पुलोद सरकारमध्ये मंत्री झाले, पुढे विधानसभेत विरोधी पक्षनेतेही झाले. बाबरी मशीद पाडल्यानंतर निषेध म्हणून त्यांनी दंडावर काळी पट्टी बांधली, ती मालेगावकरांच्या आजही लक्षात आहे. २०१६ मध्ये त्यांचं निधन झालं.

या निहाल अहमद यांना १९९९ मध्ये हरवलं ते काँग्रेसच्या शेख रशीद यांनी. आसिफ यांचे वालिद. दोन दशकांची मक्तेदारी एका निवडणुकीत मोडली, आणि मालेगावात ‘शेख रशीद गट’ हा शब्द रूढ झाला तो साधारण तेव्हापासून. २००४ मध्येही शेख रशीद पुन्हा निवडून आले. मधल्या काळात, डिसेंबर २००१ मध्ये, मालेगाव नगरपालिकेची महापालिका झाली. पहिले महापौर झाले निहाल अहमद. म्हणजे आमदारकी एका घरात, महापालिका दुसऱ्या. तेव्हापासून या शहरात दोन सत्ताकेंद्रं आहेत, आणि दोन्ही आपल्याच हातात असावीत ही प्रत्येक गटाची धडपड राहिली आहे.

इथे एक गोष्ट बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवी. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर मालेगावचे दोन भाग झाले : मध्य आणि बाह्य. जुनं, दाट वस्तीचं, यंत्रमागांच्या खडखडाटातलं शहर बहुतांश मध्यमध्ये आलं. कॅम्प, सोयगाव वगैरे भाग आणि आजूबाजूची खेडी बाह्यमध्ये. बाह्यमधून शिवसेनेचे दादा भुसे निवडून येत राहिले. महापालिका मात्र एकच. त्यामुळे विधानसभेला जे एकमेकांची तोंडं बघत नाहीत, त्यांना महापालिकेत एकमेकांची गरज पडते. पुढचं बरंच राजकारण या एका गोष्टीतून उलगडतं.

२००९ मध्ये शेख रशीद हरले. हरवणारे होते मुफ्ती इस्माईल, एक आलिम, आणि पक्ष होता विनय कोरे यांचा जनसुराज्य शक्ती. कोल्हापूरकडचा पक्ष मालेगावात जिंकला! मत पक्षाला नव्हतंच, ते उघड आहे. सप्टेंबर २००६ मध्ये शब-ए-बारातच्या दिवशी बडा कब्रस्तानाजवळ झालेले स्फोट, नंतर आपल्याच पोरांची धरपकड, मग सप्टेंबर २००८ चा भिक्कू चौकातला स्फोट, या सगळ्याने शहर हादरलेलं होतं. जुन्या नेत्यांवरचा भरवसा उडाला होता आणि लोक उलेमांकडे वळले, असं आमचं वाचन आहे.

तोवर आसिफ शेख घरच्या राजकारणात तयार झाले होते. आमदार होण्याआधीच ते शहराचे महापौर राहिले होते. पाणी, गटार, घरपट्टी, झोपडपट्टी यांच्या तक्रारी त्यांना विधानसभेत जाण्याआधीच पाठ होत्या. राजकीय घराण्यातल्या मुलाला मिळणारा हा सर्वात मोठा फायदा. पहिली निवडणूक लढायच्या आधीच ओळखी, कार्यकर्ते आणि तक्रार घेऊन येणारी माणसं घरी येत असतात. सामान्य घरातल्या होतकरू पोराला हे जमवायला पंधरा वर्षं लागतात. हे आम्ही टोमणा म्हणून लिहीत नाही, वस्तुस्थिती म्हणून लिहितो आहोत.

२०१४ मध्ये काँग्रेसने वालिदांऐवजी आसिफ यांना उमेदवारी दिली. मोदी लाट जोरात होती, राज्यात काँग्रेस ४२ जागांवर आली होती. त्या ४२ मध्ये मालेगाव मध्य होतं. आसिफ यांनी मुफ्ती इस्माईल यांना सोळा हजारांहून जास्त मतांनी हरवलं. मुफ्तीसाहेब तेव्हा राष्ट्रवादीत होते. पहिल्यांदाच निवडून आलेला आमदार, आणि तोही विरोधी बाकावर. मालेगावच्या मागण्या जुन्याच होत्या : यंत्रमागांना परवडेल अशी वीज, रस्ते, दवाखाने, आणि चार दशकांहून जुनी मालेगाव जिल्ह्याची मागणी. जिल्हा आजही झालेला नाही. तो सत्तेतल्यांनाही करता आलेला नाही, त्यामुळे ते माप एकट्या आसिफ यांच्या पदरात घालणं अन्यायाचं होईल.

खरी घडामोड झाली ती २०१७ मध्ये, महापालिकेत. ८४ पैकी २८ जागा जिंकून काँग्रेस सर्वात मोठा पक्ष ठरली, पण बहुमताला ४३ लागतात. राष्ट्रवादी आणि जनता दल एकत्र होते. मग काँग्रेसने हात धरला तो शिवसेनेचा. शेख रशीद महापौर, शिवसेनेचे सखाराम घोडके उपमहापौर. महाविकास आघाडी तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. मुंबईत जे २०१९ मध्ये घडलं, ते मालेगावात दोन वर्षं आधी घडून गेलं होतं. डिसेंबर २०१९ मध्ये महापौरपद पुन्हा त्याच घरात राहिलं. या वेळी आसिफ यांच्या वालिदा ताहेरा शेख महापौर झाल्या. अब्बा महापौर, बेटा आमदार, मग अम्मी महापौर. समर्थक याला ‘खिदमत’ म्हणायचे. विरोधकांच्या हाती मात्र प्रचाराचा आयता मुद्दा लागला.

घराणेशाहीचा हा मुद्दा त्याआधीच, २०१९ च्या विधानसभेत चालला होता. मुफ्ती इस्माईल आता एमआयएममध्ये होते. त्यांना १,१७,२४२ मतं मिळाली, आसिफ यांना ७८,७२३. पराभव ३८ हजारांहून मोठा. घराणेशाही, शिवसेनेशी दोस्ती आणि एमआयएमची हवा, तिन्हीचा फटका बसला असावा. त्या वर्षी एमआयएमने राज्यात दोनच जागा जिंकल्या, मालेगाव आणि शेजारचं धुळे.

त्यानंतर आसिफ यांनी काँग्रेस सोडली आणि राष्ट्रवादीत गेले. जानेवारी २०२२ मध्ये शेख रशीद, महापौर ताहेरा शेख आणि काँग्रेसचे जवळपास सगळे नगरसेवकही अजित पवारांच्या उपस्थितीत राष्ट्रवादीत आले. एका दिवसात मालेगाव महापालिकेतून काँग्रेस जवळपास पुसली गेली. पक्षावर नाराजी असू शकते, ती खरीही असेल. पण हाताच्या चिन्हावर निवडून दिलेल्या नगरसेवकांनी मतदारांना विचारलं होतं का, हा प्रश्न आम्ही तेव्हाही विचारला असता, आजही विचारतो. मुफ्तीसाहेबांनीही जनसुराज्य, राष्ट्रवादी, एमआयएम असा प्रवास केलाच आहे, म्हणून हा प्रश्न एकट्या एका घराला लागू नाही.

जून २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. साडेतीन वर्षं शहरात नगरसेवकच नव्हते.

दरम्यान मे २०२४ च्या लोकसभेत मालेगाव मध्यने आपली ताकद दाखवली. धुळे मतदारसंघात काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी जिंकल्या. बाकीच्या पाच विधानसभा क्षेत्रांत त्या मागे पडल्या होत्या, पण एकट्या मालेगाव मध्यने त्यांना जवळपास १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली. एकगठ्ठा मतदान म्हणजे काय, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

सहा महिन्यांत हाच गठ्ठा बरोबर मधोमध फुटला. आसिफ शेख तोवर राष्ट्रवादीतूनही बाहेर पडले होते आणि त्यांनी स्वतःचा पक्ष काढला होता : इंडियन सेक्युलर लार्जेस्ट असेंब्ली ऑफ महाराष्ट्र. आद्याक्षरं जुळवली की ‘इस्लाम’ होतं. हा योगायोग नाही हे लहान पोरालाही कळेल. आमचं मत स्पष्ट आहे. दीनचं नाव मतपत्रिकेवर आणायला नको होतं. उद्या कुणी त्या पक्षाला मत दिलं नाही तर त्याला काय म्हणायचं? पण मालेगावच्या लाखभर मतदारांना हे खटकलं नाही, हेही खरंच.

मैदानात आणखी दोघे होते. समाजवादी पक्षाकडून निहाल अहमद यांच्या कन्या शान-ए-हिंद, आणि काँग्रेसकडून एजाज बेग. दोघांनाही काही हजार मतं मिळाली, म्हणजे १६२ च्या कितीतरी पट. एक मोठी इमारत, एखादी गल्ली, इतकाच काय तो फरक. ज्यांनी मतदानाच्या दिवशी कारखाना बंद ठेवला नाही, ज्यांचं नाव यादीत सापडलं नाही, ज्यांना संध्याकाळी जाऊ म्हणता म्हणता उशीर झाला, अशी माणसं प्रत्येक बूथवर असतातच.

जानेवारी २०२६ मध्ये अखेर महापालिकेची निवडणूक झाली. आसिफ शेख यांचा पक्ष ८४ पैकी ३५ जागा घेऊन पहिला आला, एमआयएमला मागे टाकून. विधानसभेत थोडक्यात हुकलेलं शहराच्या कारभारात मिळालं, पण बहुमताला आठ जागा कमी पडल्या. म्हणजे जो हिशेब २०१७ मध्ये वालिदांसमोर होता, तोच आता मुलासमोर आला.