दारात मोगरा, चौकटीला वाळवी : फुलझाडं लावताना घराचं लाकूड कसं सांभाळाल?

आपल्या घरांच्या दारात काही झाडं हमखास दिसतात. मेंदी ईदला आणि लग्नाला लागते, मोगरा गजऱ्याला. सब्ज्याचं बी रमजानच्या सरबतात आणि फालुद्यात पडतं, पाला कबरीवर घातला जातो. झाड लावणं हा आपल्याकडे नुसता शौक नाही. लावलेल्या झाडाचं माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्लं तरी लावणाऱ्याला सदक्याचं सवाब मिळतं, असा हदीसचा आशय आहे.

पण एक गोष्ट बऱ्याच घरांत लक्षात येत नाही. झाडाला जी ओल आणि माती लागते, तीच वाळवीलाही लागते. म्हणून झाडं जरूर लावा, फक्त ती भिंतीला चिकटवून लावू नका.

कोणतं झाड, कशी निगा

मोगरा : रोज पाच-सहा तास ऊन हवं. जानेवारीअखेर छाटणी करावी, त्याआधी साधारण १५ दिवस पाणी तोडावं. मार्चपासून फुलं येतात.

देशी गुलाब : पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये छाटणी. मुळाशी पाणी साचू देऊ नये.

मेंदी : एकदा रुजली की फार पाणी मागत नाही. कुंपणाला उत्तम, बारीक फुलांना वासही छान येतो.

सब्जा : बियांपासून सहज येतो. तुरे खुडत राहिलं की झुडूप दाट होतं. बी हवं असेल तर काही तुरे वाळू द्यावेत.

मावा किंवा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाच्या पाण्याचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी फवारावं.

वजूचं पाणी झाडांना देता येतं. फक्त ते पाणी भिंतीच्या पायाशी मुरत असेल, तर वाळवीचं काम सोपं होतं. एका बादलीत धरून लांबच्या झाडाला घालणं बरं.

वाळवी की भुंगा?

दोन्ही लाकूड खातात, पण इलाज वेगळा, म्हणून आधी ओळखायला हवं.

वाळवी जमिनीत राहते. उजेड आणि कोरडी हवा तिला सोसत नाही, म्हणून भिंतीवरून पेन्सिलीएवढ्या जाड मातीच्या नळ्या करत ती चौकटीपर्यंत येते. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाली वाळवी उडते, सकाळी नुसते पंख पडलेले दिसतात. असे पंख घरातच सापडले तर वारूळ जवळ आहे असं समजा.

भुंगा लाकडातच राहतो. लाकडाला बारीक गोल भोकं पडतात आणि खाली पिठासारखी पूड सांडते. माती कुठेच दिसत नाही.

कुरआन शरीफमध्ये सूरह सबाच्या १४व्या आयतीत हजरत सुलैमान (अ.) यांच्या काठीचा उल्लेख आहे. जमिनीतल्या किड्याने काठी आतून खाल्ली, आणि ते खाली पडेपर्यंत त्यांच्या वफातीची जिन्नांना खबरही लागली नाही. वाळवीची रीत हीच. वरून रंग शाबूत, आतून लाकूड पोकळ. म्हणून वर्षातून दोनदा चौकटी, वासे आणि कपाटाची मागची बाजू बोटाने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर थांबू नका.

वाळवीचा रस्ता तोडा

– कुंडी भिंतीपासून निदान एक फूट लांब, लोखंडी किंवा सिमेंटच्या स्टँडवर ठेवा. लाकडी फळीवर नको.
– जमिनीतलं झाड भिंतीपासून दोन-तीन फूट सोडून लावा.
– कच्चं शेण, नारळाची सोडणं, वाळका पाला भिंतीशी टाकू नका. शेणखत पूर्ण कुजलेलंच वापरा.
– लाकूडफाटा आणि कुर्बानीचा लाकडी ठोकळा जमिनीवर पडून राहू देऊ नका. ठोकळा धुऊन, उन्हात वाळवून उंचावर ठेवा.
– कपाट भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ओढा. कुरआन शरीफच्या जुन्या प्रती, निकाहनामा, सातबारा पत्र्याच्या पेटीत ठेवा.

लागलीच तर?

नुसती नळी मोडून उपयोग नाही, वारूळ जमिनीत शाबूत असतं. रॉकेल ओतणं तर धोक्याचं, आग लागू शकते.

वाळवीसाठी भिंत आणि फरशीच्या सांध्यात साधारण एक-एक फुटावर १२ मिलीमीटरची भोकं पाडून औषध सोडतात आणि भोकं बुजवतात. भुंग्यासाठी औषध सुईने थेट लाकडातल्या भोकात घालून वरून मेण लावतात. काम करणाऱ्याकडे कीटकनाशक कायदा, १९६८ खालचा परवाना आहे का ते पाहा. औषधाचं नाव आणि हमी लेखी घ्या. विहीर जवळ असेल तर ते आधीच सांगा. लहान मुलं आणि गरोदर बाईला त्या दिवशी दुसरीकडे ठेवा. औषध पडलेल्या मातीत पुदिना, कोथिंबीर किंवा सब्जा लावू नका.

बंद घरांसाठी

कोकणातली कितीतरी घरं माणसं आखातात किंवा मुंबईत असल्यामुळे आठ-दहा महिने बंद असतात. सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. जाताना कुंड्या ओटीवरून उचलून परसात ठेवा आणि गळकी कौलं बदलून घ्या. चावी शेजारच्या खालाकडे किंवा चाचांकडे ठेवत असाल, तर महिन्यातून एकदा खिडक्या उघडून भिंतीवर मातीची नळी दिसते का एवढं बघायला सांगा. फोनवर एक फोटो मागवला तरी पुरे. आजी-आजोबांनी सागाच्या चौकटी पिढ्यांसाठी बसवल्या. ती अमानत आहे, आणि ती सांभाळूनही अंगणात मोगरा फुलू शकतो.