एबी फॉर्मची कुळकथा

उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर दोन कागद पोहोचावे लागतात. पक्षातर्फे सही करायचा अधिकार कोणाला, हे ‘ए’ फॉर्मवर असतं, सोबत त्याच्या सहीचा नमुना. ‘बी’ फॉर्मवर त्या अधिकारी माणसाने उमेदवाराचं नाव दिलेलं असतं आणि त्याचा अर्ज बाद झाला तर कोण, तेही. सही शाईचीच लागते. रबरी शिक्का चालत नाही. हे कागद ज्याच्या नावाचे, त्याला पक्षाचं चिन्ह. बाकीच्यांनी आयुष्यभर पक्षाचा झेंडा खांद्यावर वागवलेला असला, तरी त्या दिवशी ते अपक्ष.

या कागदाने काय होतं, हे रत्नागिरी जिल्ह्याने २००९ मध्ये गुहागरला पाहिलं. नातू घराण्याने भाजपसाठी राखलेली ही जागा युतीच्या वाटपात शिवसेनेकडे गेली. खेड मतदारसंघ पुनर्रचनेत नाहीसा झाला होता आणि तिथले आमदार, तेव्हाचे विरोधी पक्षनेते रामदास कदम, यांना जागा हवी होती. विनय नातू अपक्ष उभे राहिले. निवडून आले राष्ट्रवादीचे भास्कर जाधव. हे जाधवही मुळात शिवसेनेचे. २००४ मध्ये चिपळूणला सेनेची उमेदवारी नाकारली गेली तेव्हा तेही अपक्ष म्हणूनच लढले होते. एका जागेवरच्या तीन मातब्बर माणसांपैकी दोघांच्या मागे तिकीट नाकारल्याचा इतिहास होता, आणि त्यांच्यापैकी कोणाला उमेदवार करावं हे गुहागरच्या कार्यकर्त्यांनी मतदान करून ठरवलेलं नव्हतं.

ज्या आदेशाखाली हे फॉर्म भरले जातात, तो निवडणूक आयोगाचा चिन्हांविषयीचा आदेश १९६८ चा. पण पक्षात आपला माणूस कोण हे वरून सही करून ठरवायचं, ही रीत त्याहून साठ वर्षांनी जुनी आहे. तिचं मूळ शोधत गेलं की पुन्हा याच जिल्ह्यात यावं लागतं.

बाळ गंगाधर टिळक २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मले. त्यांचं जन्मघर टिळक आळीत आजही पाहता येतं. गोपाळ कृष्ण गोखले ९ मे १८६६ चे, गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे. दोघेही पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीत एकत्र आले, आणि तिथेच त्यांचं बिनसलं. आजीव सभासदांनी बाहेरची कामं घ्यावीत की सगळा वेळ संस्थेलाच द्यावा, हा वाद होता. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद स्वीकारलं आणि टिळक संस्थेतून बाहेर पडले. शिक्षणसंस्थेतलं हे भांडण पुढे पंचवीस वर्षं देशाच्या राजकारणाला पुरलं.

या सार्वजनिक सभेची घडण लक्षात घेण्यासारखी आहे. २ एप्रिल १८७० रोजी ती स्थापन झाली तेव्हा सभासद व्हायचं तर किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. अशा ९५ सभासदांमागे सुमारे ६,००० लोक उभे होते. मताचा हक्क कोणाला नव्हता, कायदेमंडळात निवडून जायची सोय नव्हती, तेव्हा पुण्यातल्या माणसांनी प्रतिनिधित्वाची ही रीत स्वतःच्या डोक्याने बसवली. सही खालून वर जात होती. मराठी राजकारणाने हा वारसा मागे टाकला, याची हळहळ वाटते.

१८९५ च्या जुलैत सभेच्या व्यवस्थापक मंडळाची निवडणूक झाली आणि टिळकांच्या बाजूने बहुमत झालं. हरलेल्या बाजूने पुढच्या वर्षी डेक्कन सभा नावाची वेगळी संस्था काढली. रानडे आणि गोखले तिकडे गेले. त्याच १८९५ च्या डिसेंबरात पुण्याला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा सामाजिक परिषद काँग्रेसच्या मांडवात भरू द्यायची की नाही यावरून वाद पेटला. रानड्यांनी परिषद दुसरीकडे नेली. टिळकांनाही अधिवेशनाच्या चिटणिसाच्या कामातून बाजूला व्हावं लागलं. हरलेल्याला त्याच घरात सन्मानाने कसं राहता येईल, याची तजवीज तेव्हाही कोणी केली नाही.

पुढचा झगडा थेट अध्यक्षपदाचा. १९०५ च्या बनारस अधिवेशनाचे अध्यक्ष गोखले होते. १९०६ ला कलकत्त्यासाठी बंगालच्या जहालांनी टिळकांचं नाव पुढे केलं, तेव्हा मवाळांनी इंग्लंडहून ८१ वर्षांच्या दादाभाई नौरोजींना बोलावलं. दादाभाईंपुढे कोण उभा राहणार? पेच तेवढ्यापुरता टळला. १९०७ चं अधिवेशन नागपूरला ठरलेलं होतं. तिथे जहालांचा जोर पाहून फिरोजशहा मेहतांच्या मुंबईतल्या बंगल्यावर बैठक झाली आणि ते सुरतेला हलवण्यात आलं. यजमान प्रांतातला माणूस अध्यक्ष करायचा नाही असा रिवाज होता, आणि सुरत मुंबई इलाख्यात. म्हणजे टिळकांचं नाव आपोआप कटलं. जहालांनी मग लाला लजपतराय यांचं नाव काढलं; त्यांनी माघार घेतली. मवाळांचे उमेदवार रासबिहारी घोष तेवढे उरले.

२६ डिसेंबरला सुरतेत दीड हजारांहून अधिक प्रतिनिधी जमले. घोषांच्या नावाला अनुमोदन द्यायला सुरेंद्रनाथ बॅनर्जी उभे राहिले, पण गोंगाटात त्यांचा शब्द ऐकू येईना. बैठक तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांच्याकडे चिठ्ठी पाठवली: अनुमोदनानंतर मला अध्यक्ष निवडीच्या ठरावावर बोलायचं आहे, तहकुबीची सूचना मांडायची आहे. उत्तर आलं नाही. घोष निवडून आल्याचं जाहीर झालं, ते भाषणाला उभे राहिले, तेव्हा टिळक व्यासपीठावर चढले आणि हाताची घडी घालून श्रोत्यांसमोर उभे राहिले. मी सूचना दिली आहे, ती मांडू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. स्वयंसेवक त्यांना खाली ओढायला धावले. इंग्रज पत्रकार हेन्री नेव्हिन्सन तिथे हजर होता. त्याने लिहून ठेवलंय की त्या गर्दीत गोखले टिळकांच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून त्यांनी त्यांना आडोसा दिला. तेवढ्यात एक जोडा भिरभिरत आला, सुरेंद्रनाथांना लागून फिरोजशहांवर आदळला. मग खुर्च्या उडाल्या, काठ्या निघाल्या, पोलिसांनी मांडव रिकामा केला.

जोड्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. तिच्यामागच्या चिठ्ठीची क्वचितच कोणी आठवण काढतं. मालवींनी ती वाचून टिळकांना दहा मिनिटं दिली असती आणि हात वर करून मोजणी घेतली असती, तर बहुधा टिळक हरले असते. पण काँग्रेसला निवडीची एक रीत मिळाली असती.

मिळाली ती वेगळीच रीत. २८ डिसेंबरला मवाळांनी स्वतंत्र बैठक बोलावली, तिला ध्येयपत्रावर सही करील त्यालाच प्रवेश होता. नऊशेंवर लोक आले. एप्रिल १९०८ मध्ये अलाहाबादला काँग्रेसची घटना तयार झाली. प्रतिनिधीने ध्येय लेखी मान्य करायचं आणि मान्यताप्राप्त समित्या व संस्थांनीच त्याला पाठवायचं, असं तिच्यात ठरलं. उघड्या सभेत लोकांनी निवडलेल्या माणसाला दार बंद झालं. त्याच काळात अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने नेमका उलट रस्ता धरला होता: रॉबर्ट ला फॉलेट यांच्या पुढाकाराने १९०३ मध्ये कायदा झाला, १९०४ मध्ये जनतेने तो मंजूर केला, आणि पक्षाचा उमेदवार मतपेटीतून, म्हणजे प्रायमरीत, ठरू लागला. तिथल्या प्रायमरीतही कटुता येते आणि राहते. पण तिथे हरलेल्याला आपल्याला किती मतं पडली ते कळतं.

टिळकांना जुलै १९०८ मध्ये शिक्षा झाली, ते मंडालेला गेले आणि जून १९१४ मध्ये सुटले. ॲनी बेझंट दोन्ही गटांत समेट घडवायला पुण्यास आल्या. बोलणी अडली ती प्रतिनिधी निवडायच्या त्याच कलमावर. टिळक आत आले की काय करतील याची धास्ती गोखल्यांनी भूपेंद्रनाथ बसूंना पत्राने कळवली. पत्राचा बोभाटा झाला आणि ‘केसरी’तून कडक टीका सुरू झाली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले. टिळक सिंहगडावरून उतरून स्मशानात आले आणि त्यांनी गोखल्यांचा गौरव भारताचा हिरा म्हणून केला. त्या डिसेंबरात मुंबईच्या अधिवेशनाने घटना सैल केली आणि १९१६ ला लखनौमध्ये टिळक पुन्हा काँग्रेसच्या मांडवात आले. दोनच वर्षांत मवाळांनी काँग्रेस सोडली आणि वेगळा लिबरल फेडरेशन पक्ष काढला.

सही वरून येण्याची रीत मात्र टिकली. मधल्या काळात ती उलटवायचा एक प्रयत्न महाराष्ट्रातही झाला. २०१४ च्या लोकसभेसाठी राहुल गांधींनी देशभरात पंधरा-सोळा मतदारसंघांत काँग्रेसच्या पदाधिकाऱ्यांचं मतदान घेऊन उमेदवार ठरवला. त्यात वर्धा आणि लातूर होते. वर्ध्यात सागर मेघे यांनी चारुलता टोकस यांना हरवलं. निवडणुकीत भाजपचे रामदास तडस जिंकले. काही महिन्यांत सागर यांचे वडील दत्ता मेघे मुलांसह भाजपमध्ये गेले. मोजणीत हरलेल्या टोकस काँग्रेसमध्ये राहिल्या, महिला काँग्रेसच्या प्रदेशाध्यक्ष झाल्या आणि २०१९ मध्ये वर्ध्यातून पक्षाच्या उमेदवार म्हणून लढल्या. त्या खेपेला पक्षात मतदान झालं नव्हतं. बी फॉर्म नेहमीसारखा वरून आला होता.