न बोललेले वाक्य, न घेतलेला हार

शाळेत फ्रान्सची राज्यक्रांती आमच्यासाठी एका वाक्यात आटोपली होती. पॅरिसच्या लोकांना पाव मिळेना, ते ओरडत राजवाड्यावर आले, तेव्हा पाव नसेल तर केक खा असे राणी म्हणाली, आणि म्हणून तिची मान कापली. सांगणारे हसत, ऐकणारे आम्हीही हसत असू. सकाळी पोदेराच्या सायकलच्या हॉर्नने जाग येणाऱ्या गोव्यातल्या मुलांना घरात पाव नसणे म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नव्हते. राणी मूर्ख होती, दुष्ट होती, प्रकरण मिटले!

पुढे सोफिया कोपोलाच्या ‘मारी आंत्वानेत’ या चित्रपटाची झलक पाहायला मिळाली, तेव्हा हे मिटलेले प्रकरण माझ्यापुरते पुन्हा उघडले. हा चित्रपट २००६ सालचा. झलकेत व्हर्सायचा खराखुरा राजवाडा होता, गुलाबी आणि फिकट निळ्या रंगांचे घोळदार झगे होते, थरावर थर रचलेली मिठाई होती आणि मागे चक्क न्यू ऑर्डर या ब्रिटिश बँडचे १९८३ सालचे गाणे वाजत होते. अठराव्या शतकातली राणी आणि विसाव्या शतकातली गिटार! चित्रपट कधी एकदा पाहतो असे झाले. पण मनात एक शंकाही होती. जिच्या कपड्यांनीच तिचा घात केला असे म्हणतात, तिच्यावर पुन्हा कपड्यांचाच चित्रपट? मग वाट पाहता पाहता वाचायला घेतले. आधी स्टीफन झ्वाइगने १९३२ साली लिहिलेले चरित्र आणि नंतर अँटोनिया फ्रेझर यांचे २००१ सालचे. कोपोलाने चित्रपटासाठी आधार घेतला तो फ्रेझर यांच्याच पुस्तकाचा. ही दोन्ही पुस्तके वाचून झाली तेव्हा शाळेतल्या त्या वाक्याचे काहीच उरले नव्हते.

मारी आंत्वानेतचा जन्म २ नोव्हेंबर १७५५ रोजी व्हिएन्नात झाला. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिला सोळा मुले झाली, त्यांतले हे पंधरावे. ऑस्ट्रिया आणि फ्रान्स ही पिढ्यान्‌पिढ्यांची वैरी घराणी. त्यांची नवी मैत्री पक्की व्हावी म्हणून चौदा वर्षांच्या या मुलीचे लग्न फ्रान्सच्या पंधरा वर्षांच्या युवराजाशी ठरवले गेले. १७७० च्या मे महिन्यात स्ट्रासबर्गजवळ ऱ्हाइन नदीतल्या एका बेटावर खास बांधलेल्या मंडपात तिला फ्रेंचांच्या स्वाधीन करण्यात आले. त्या वेळी स्ट्रासबर्गला शिकत असलेला तरुण गटे तो मंडप पाहून आला होता. भिंतींवर जेसन आणि मिडिया यांच्या भीषण कथेची चित्रे विणलेले पडदे लावलेले पाहून तो हादरला. नव्या नवरीच्या स्वागताला असली कथा कोणी निवडली, असे त्याला वाटले. अपशकुन मानायचे तर आणखी एक होता. लग्नानिमित्त ३० मे रोजी पॅरिसच्या चौकात आतषबाजी झाली, तेव्हा चेंगराचेंगरीत १३२ माणसे मेली. तेवीस वर्षांनी गिलोटिन उभे राहिले ते याच चौकात.

या मुलीचे खरे काम एकच होते, वारस देणे. पण नवराबायकोचे सूत जमायला सात वर्षे लागली. घरात मूल नाही, आणि दोष कोणाचा याची चर्चा मात्र सगळ्या दरबारात, आपल्या ओळखीचेच आहे हे! आई व्हिएन्नाहून पत्रांतून कानउघाडणी करी. अखेर १७७७ साली थोरला भाऊ, सम्राट दुसरा जोसेफ, स्वतः व्हर्सायला येऊन दोघांशी बोलून गेला आणि १७७८ च्या डिसेंबरात पहिली मुलगी झाली. मधल्या काळात, १७७४ साली, आजेसासरे पंधरावे लुई वारले होते आणि अठराव्या वर्षीच ती राणी झाली होती.

त्या रिकाम्या वर्षांत तिने स्वतःला नटवले, यात खोटे काही नाही. रोझ बेर्तां ही तिची कपडे शिवणारी, लेओनार हा केशभूषाकार. केसांचे मनोरे उंच उंच होत गेले. १७७८ च्या एका सागरी चकमकीनंतर तर डोक्यावर जहाज मिरवायची टूम निघाली. जुगार होता, रात्ररात्र चालणारी नृत्ये होती, मैत्रिणींवर उधळलेल्या मोठमोठ्या नेमणुका होत्या. पैसा पाण्यासारखा गेला.

पण गंमत पुढेच आहे. या सगळ्याचा कंटाळा येऊन ती साधी राहू लागली, तेव्हा लोक जास्त चिडले. १७८३ साली एलिझाबेत विजे-लब्रुं या चित्रकर्तीने तिचे एक चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले. त्यात राणीच्या अंगावर रेशीम नव्हते, हिरे नव्हते. डोक्यावर गवती टोपी, अंगात पांढऱ्या मलमलीचा सैल झगा, हातात गुलाब. त्या काळी युरोपात मलमल म्हटली की आधी आपला बंगाल आठवत असे. लगेच ओरड झाली. राणीने अंतर्वस्त्रांत चित्र काढून घेतले! ऑस्ट्रियाची ही बाई परदेशी कापड नेसून लियोंच्या रेशीम विणकरांना भिकेला लावणार! चित्र उतरवावे लागले. चित्रकर्तीने तसाच गुलाब हातात देऊन, पण रेशमी झग्यातली राणी पुन्हा रंगवली. नटली तर उधळी, न नटली तर निर्लज्ज. अशा जागी उभ्या असलेल्या बाईने नेमके काय घालावे?

दोनच वर्षांनी हाराचे प्रकरण घडले. बोमर आणि बासांज या जवाहिऱ्यांनी पंधराव्या लुईच्या दु बारी या प्रेयसीसाठी म्हणून हिऱ्यांचा एक अवाढव्य हार केला होता. राजा वारला आणि हार अंगावर पडला. किंमत सोळा लाख लिव्र! मारी आंत्वानेतने तो घ्यायला नकार दिला होता. तेव्हा जान द ला मोत नावाच्या एका हिकमती बाईने डाव रचला. कार्डिनल रोआन हा बडा धर्माधिकारी राणीच्या मर्जीतून उतरलेला होता. राणीला हा हार गुपचूप हवा आहे, तुम्ही मध्यस्थी करा, असे तिने त्याला पटवले. १७८४ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री व्हर्सायच्या बागेत राणीसारखी दिसणारी एक मुलगी उभी करून त्याची भेटही घडवली. राणीच्या खोट्या सहीने व्यवहार झाला, हार बाईच्या नवऱ्याने लंडनला नेऊन सुटा करून विकला. ‘मारी आंत्वानेत द फ्रान्स’ अशी ती सही होती. फ्रान्सच्या राण्या फक्त आपले नाव लिहीत, पुढे काही जोडत नसत, हे एवढ्या बड्या घराण्यातल्या कार्डिनलच्या लक्षात आले नाही!

१५ ऑगस्ट १७८५ रोजी, धार्मिक पोशाखात असतानाच, त्याला राजवाड्यात अटक झाली. राणीला वाटले, न्यायालयात आपली अब्रू धुऊन निघेल. झाले उलटेच. ३१ मे १७८६ रोजी कार्डिनल निर्दोष सुटला आणि पॅरिसने जल्लोष केला. राणी रात्री बागेत परपुरुषाला भेटू शकते, असे एखाद्याला वाटणे स्वाभाविक आहे, असाच त्या निकालाचा अर्थ लोकांनी लावला. जो हार तिने घेतला नाही, गळ्यात घातला नाही, तो तिच्या गळ्याला कायमचा पडला.

आता ते वाक्य. रूसोच्या ‘कन्फेशन्स’मध्ये अशा अर्थाचे वाक्य एका बड्या राजकन्येच्या तोंडी येते. तिचे नाव तो देत नाही, आणि तिथे केकही नाही, ‘ब्रियोश’ म्हणजे अंडी-लोणी घातलेला गोड पाव आहे. पुस्तकाचा तो भाग लिहून झाला तेव्हा मारी आंत्वानेत व्हिएन्नात राहणारी, फ्रान्स कधीही न पाहिलेली लहान मुलगी होती. म्हणजे गोष्ट आधीपासून तयार होती, तिला फक्त एक तोंड हवे होते, आणि पुढे ते मिळाले. आपल्याला याचे नवल वाटायला नको. आंत्वानेत व्हर्सायला येऊन तीन वर्षे झाली होती तेव्हा, १७७३ साली, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि आनंदीबाईंचे नाव एका अक्षराला जे चिकटले ते आजतागायत सुटलेले नाही. ‘ध’चा ‘मा’ खरोखर कोणी केला यावर इतिहासकारांचे एकमत नाही, पण म्हण मात्र पक्की आहे.

तिला लोक ‘मादाम देफिसि’, म्हणजे तूट बाई, म्हणत. पण १७८८ चा हिशेब काय सांगतो? सरकारी खर्चाचा निम्मा भाग जुन्या कर्जाच्या फेडीत जात होता. राजदरबाराचा सगळा खर्च शंभरातला साधारण सहा होता. तिजोरी रिकामी केली ती युद्धांनी, त्यातही अमेरिकेला स्वातंत्र्य मिळवून देण्यासाठी इंग्रजांशी केलेल्या युद्धाने, आणि सरदार-धर्मगुरूंना करांतून सवलत देणाऱ्या व्यवस्थेने. पण कर्जाला चेहरा नसतो. राणीला होता, आणि तो परदेशी होता.

इथवर आलो की वाचक म्हणून आपण तिच्या बाजूचे होऊन जातो. इथेच जरा थांबावेसे वाटते. गैरसमजाची बळी म्हणजे निरपराध, असे नाही. १७८९ च्या ऑक्टोबरात बाजारातल्या बायकांनी राजघराण्याला व्हर्सायहून पॅरिसला ओढून आणले. १७९१ च्या जूनमध्ये वेषांतर करून पळून जाण्याचा बेत वारेनला फसला. आणि १७९२ च्या मार्चमध्ये, युद्धाला महिनाही उरला नसताना, या राणीने फ्रेंच सैन्याच्या चढाईची योजना ऑस्ट्रियाच्या माणसाला पत्राने कळवली. ज्या देशाची ती राणी होती त्याच देशाचे शिपाई त्यात मरणार होते. तिच्या दृष्टीने ती नवऱ्याचे राज्य आणि मुलाचा वारसा वाचवत होती. कारण कळते, पण त्याला दुसरे नाव देता येत नाही. तो देशद्रोहच होता.

१४ ऑक्टोबर १७९३ रोजी तिच्यावर खटला सुरू झाला. नवऱ्याचा शिरच्छेद जानेवारीतच झाला होता. फितुरीचा आरोप ठेवला, पण ती पत्रे न्यायाधीशांपुढे नव्हती, पुढच्या शतकात ती उजेडात आली. मग एबेर या पत्रकाराने आठ वर्षांच्या पोराकडून सह्या घेऊन आईवर त्याच्याशीच कुकर्म केल्याचा आरोप केला. तेव्हा तिने न्यायासनाकडे न पाहता तिथे जमलेल्या सगळ्या आयांना साद घातली. ऐकायला आलेल्या बाजारबायकाही क्षणभर हलल्या, असे सांगतात. १६ तारखेला निकाल लागला आणि त्याच दिवशी दुपारी तिला उघड्या गाडीतून नेले. वय सदतीस. गाडी जाताना दाविद या चित्रकाराने चार रेघांत तिचे चित्र काढले. कापलेले केस, मागे बांधलेले हात, घट्ट मिटलेले ओठ. इतक्या चित्रांतून नटलेल्या राणीचे हे शेवटचे चित्र.

म्हणजे तिच्या नावावर दोन याद्या होत्या. एक खोट्या गुन्ह्यांची : वाक्य, हार, मुलगा. दुसरी खऱ्या गुन्ह्याची. लोकांनी तिचा द्वेष केला तो पहिल्या यादीसाठी. दुसरी यादी सिद्ध करायला कागद नव्हता, आणि पहिली सिद्ध करायची कोणाला गरजच वाटली नाही.

हे सगळे डोक्यात घेऊन मी चित्रपट पाहिला. कोपोलाने दोन्ही याद्या बाजूला ठेवल्या आहेत. हाराचे प्रकरण त्यात नाही, खटला नाही, गिलोटिनही नाही. केकच्या वाक्याची अफवा कानावर येते, तेव्हा कर्स्टन डन्स्टची राणी आपण असे कधीच बोलणार नाही म्हणून ती उडवून लावते. बुटांच्या ढिगात एक जोड आजच्या कॉन्व्हर्सचा ठेवलेला आहे, आणि तो चुकून राहिलेला नाही. राजवाड्यात एकटी पडलेली ही एक पोर आहे, एवढेच कोपोलाला सांगायचे आहे. मे २००६ मध्ये कान महोत्सवात पत्रकारांच्या खेळाला काहींनी हुर्यो केली. पुढे मिलेना कानोनेरो यांना वेशभूषेचे ऑस्कर मिळाले. म्हणजे या चित्रपटाचीही गत राणीसारखीच झाली. कपड्यांचे कौतुक आणि बाकीच्याला नावे!

माझी आधीची शंका मात्र फिटली. कपडे हा तिच्या गोष्टीवरचा वर्ख नव्हता, तिच्यावरचा खटला आयुष्यभर कपड्यांवरच चालला होता. तक्रार उरली ती एवढीच, की चित्रपटात राजवाड्याबाहेरची भूक जवळजवळ दिसत नाही. रात्री जमावाचा आवाज येतो, राणी सज्जावर येऊन मान लववते, एवढेच. त्या बायका पाव मागायला पॅरिसहून पावसात चालत आल्या होत्या. राणीने ते वाक्य उच्चारले नव्हते हे खरे, पण घरात पाव नव्हता हेही तितकेच खरे होते.

चित्रपटाच्या शेवटी बग्गी व्हर्साय सोडते आणि मोडतोड झालेले शयनगृह दिसते. झुंबर खाली पडलेले, दारे निखळलेली, माणूस एकही नाही. आजही कोणी हसत हसत केकची गोष्ट सांगू लागले की मला ती खोली आठवते. मग मी सांगतो की राणी तसे बोललीच नव्हती. आणि ऐकणारा तिची कीव करू लागला, की त्या मार्चमधल्या पत्राचेही सांगून टाकतो.